बोट गेलं, नाव राहिलं

१

आमच्याकडे सुनेचं पहिलं वर्ष वाकण्यात जातं. पहाटे अंगण झाडताना वाकायचं, मग उंबऱ्याशी उभं राहून सासूसासऱ्यांना तीनदा वाकायचं, चहा ओतताना वाकायचं, कपडे धुताना तर वाकावंच लागतं. आणि सासूसासऱ्यांपुढे बोलायचं नाही. मला न बोलण्याची सवय माहेरचीच, त्यामुळे लग्नाला महिना व्हायच्या आत गल्लीभर माझ्या वळणाचा लौकिक पसरला. खरं तर मी फक्त बघत होते. वाकलेल्या माणसाला पुष्कळ दिसतं.

माझी मोठी जाऊ ओयदिन-ओपा, ओपा म्हणजे ताई, तेव्हा पोटुशी होती. तिची आधीची दोन मुलं गेली होती. पहिलं घरातच, सतराव्या दिवशी. दुसरं शहरातल्या दवाखान्यात नेलं आणि शालीत गुंडाळून परत आणलं. त्यामुळे हे तिसरं जन्मलं आणि खणखणीत रडलं तेव्हा ओयींनी, म्हणजे सासूबाईंनी, आधी त्याला पाहिलंच नाही; भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. मग त्याचा डावा हात खिडकीच्या उजेडात धरला.

करंगळीच्या बाहेरच्या अंगाला आणखी एक बोट लोंबत होतं. द्राक्षाच्या देठाएवढं. त्याला नखही होतं.

ओयदिन-ओपा उशीवरून उठायला लागली. "ओयी, काय आहे ते? काय झालंय त्याला?"

"होतंय काय? ओर्तिक आहे," ओयी म्हणाल्या. "नाव शोधायची दगदग वाचली."

ओर्तिक म्हणजे जास्तीचं. लाल डाग घेऊन आलेलं मूल अनोर, म्हणजे डाळिंब. दात घेऊन आलेलं बोरी, म्हणजे लांडगा. अंगावर जे वेगळं असेल त्याच्याच नावाने मुलाला हाक मारायची. मग त्या वेगळ्या गोष्टीला मान मिळतो आणि ती जागच्या जागी गप्प राहते, मुलाला छळत नाही. आमच्या गल्लीत दोन ओर्तिक आहेत. एक सायकली दुरुस्त करतो आणि सांगतो की त्या बोटाने बारके नट फार छान धरता येतात.

सासऱ्यांनी, ज्यांना घरात सगळे दादा म्हणतात, बाळाच्या उजव्या कानात तीनदा नाव सांगितलं. बाळ शांत झालं. माझ्या मनात आलं, चला, सुटलो.

२

सुटलो नव्हतो, कारण बाळाचा बाप रशियात इमारतींना गिलावा करतो आणि रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोनवर तोंड दाखवतो.

"नावाचं मला काही नाही," नुमोन-अका, म्हणजे माझे थोरले दीर, म्हणाले, "पण ते बोट काढा. उद्या शाळेत पोरं जगू देणार नाहीत."

"ज्याच्या नावाने हाक मारतोय तेच कापायचं?" ओयी म्हणाल्या. "पाहुण्याला बोलवायचं आणि दार लावून घ्यायचं, तसं झालं हे."

"ओयी, हे कुठलं युग आहे?"

ओयदिन-ओपालाही ते बोट नको होतं. दूध पाजताना ती त्याच्याकडे पाहायची नाही, बाळाच्या मुठीवर रुमाल टाकायची. आठवड्याला येणारी नर्स ख़ोसियत-ओपा म्हणाली, त्यात हाड नाही, शहरात दोन मिनिटांत काढून देतात. पण शहर म्हटलं की ओयदिन-ओपा बाळाला छातीशी घट्ट धरून बसायची. शेवटी ओयींनीच बोटाच्या मुळाशी रेशमाचा दोरा आवळला. नवव्या दिवशी ते वाळून गळालं. मागे तिळाएवढी खूण राहिली.

नाळ कुठे पुरायची ते आमच्यात सगळ्यांना ठाऊक असतं. बोटाबद्दल कुणीच काही सांगून ठेवलेलं नव्हतं. दादांनी ते द्राक्षवेलीखाली पुरलं, हात झटकले आणि चहा मागितला.

"आता नाव बदलायला हवं," ओयी म्हणाल्या.

"नाव म्हणजे टोपी आहे का, ऊन उतरलं की काढून ठेवायला? कानात सांगितलंय मी."

दादांपुढे ओयींनी तो विषय पुन्हा काढला नाही. मीही चहा ओतत होते, वाकून.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी नुमोन-अकांचा फोन आला. ओयदिन-ओपाने हौसेने बाळाचा डावा हात फोनसमोर धरला. मी मागे बाळाची दुपटी वाळत घालत होते.

"बघा, तुमच्या मनासारखं झालं."

 डोक्यावरचं पिवळं हेल्मेट मागे सारून नुमोन-अकांनी फोन जवळ घेतला. "काय झालं मनासारखं? काढलं कुठे? आहे की अजून."

"चष्मा लावा."

"ओयदिन, मस्करी करू नकोस. ते बघ हलवतोय तो."

मी मान वळवली. बाळाचा हात माझ्यापासून दोन हातांवर होता. पाच बोटं, मिटलेली, आणि तिळाएवढी खूण. फोनच्या कोपऱ्यात दिसणारी आमची छोटी चौकट मला तिथून नीट दिसत नव्हती आणि जवळ जाऊन बघावं असं वाटलं नाही, हे मी खरं सांगते.

मग चित्र अडकलं, आवाज तुटला. "रेंज नीट नाही आज," ओयदिन-ओपा म्हणाली. मलाही तेच पटलं. रेंज नीट नसली की माझ्या आईला तीन हनुवट्या दिसतात.

४

शुक्रवारी नान भाजायचे असतात. मी ओसरीवर कणकेचे गोळे थापत होते, ओयदिन-ओपा बाळाला मांडीवर घेऊन शेजारी बसली होती. जर्दाळूचा मोहर गळत होता, कणकेवरून पाकळ्या वेचून टाकायचं काम वेगळंच.

"मुनिस, एक गंमत करू," ती म्हणाली. "याचा पंजा नानवर उमटवू. त्याच्या बापाला फोटो पाठवते. म्हणावं, पोराने पहिली भाकरी कमावली."

मी एक नान पुढे सरकवला. तिने बाळाची डावी मूठ उलगडून कणकेवर दाबली. बाळाने तोंड वाकडं केलं. हात उचलला.

कणीक मऊ होती, ठसा छान उठला. तळवा. अंगठा. मग एक, दोन, तीन, चार. आणि करंगळीच्या पलीकडे, थोडं तिरकं, आणखी एक. नखासकट.

ओयदिन-ओपा त्या क्षणी बाळाच्या बोटांना लागलेलं पीठ पुसत होती. मी शेजारचा, नानला भोकं पाडायचा खिळ्यांचा ठसा उचलला आणि नानच्या मधोमध चार-पाचदा जोरात मारला.

"अगं! मिटवलंस का?"

"नीट उठला नव्हता, ओपा. हात सरकला त्याचा."

"तुझाच सरकला," ती हसत म्हणाली. "नवऱ्याचा विचार चालला असेल."

तो नान तंदुरात लावताना मी मनाशी हिशोब जुळवत होते: हात खरंच सरकला असेल, करंगळी दोनदा टेकली असेल. बाळाचं नख दोनदा उमटणं काही अवघड नाही. तरीही भाजलेला तो नान मी वेगळा काढला आणि शेजाऱ्यांच्या कोंबड्यांना घातला. कोंबड्यांनी खाल्ला. त्याने मला फार बरं वाटलं.

५

ख़ोसियत-ओपाने तराजू ओसरीवर मांडला, बाळाला त्यात ठेवलं आणि भुवया वर केल्या. "चार किलो शंभर. मागच्या खेपेला चार किलो दोनशे होता. पाजतेस ना ग?"

"दिवसभर पाजते," ओयदिन-ओपा म्हणाली. "उठल्यापासून तोंडात असतं. मला बसायला मिळत नाही."

"दूध कमी पडत असेल."

ओयदिन-ओपाने झगा बाजूला केला आणि दाबून दाखवलं. धार तराजूच्या काट्यावर गेली.

"कमी नाही," नर्स म्हणाली. मग तिने बाळाच्या बरगड्या बोटाने मोजल्या, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, कागदावर काहीतरी लिहिलं. बाळ मान वळवून दूध शोधत होतं, मानेवर सुरकुत्या पडल्या होत्या, म्हाताऱ्यासारख्या. "मग जातंय कुठे दूध? पुढच्या गुरुवारपर्यंत बघते. वजन वाढलं नाही तर शहरात भरती. ऐकणार नाही मी तुझं. हे असं घरात ठेवून चालत नाही, समजलं?"

ती गेल्यावर ओयदिन-ओपा तराजूच्या जागेकडे बघत बसली. "शहरात नेलं की हा यायचा नाही," ती मला म्हणाली. मी तिचा हात धरला. नव्या सुनेने धीर कसा द्यायचा ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

६

आमचा पाळणा टांगलेला नसतो, जमिनीवर डुलतो. बाळाला त्यात उताणं झोपवून हात अंगाला सरळ लावायचे आणि रुंद पट्ट्यांनी बांधायचं, एक छातीवरून, एक गुडघ्यांवरून. वरच्या आडव्या दांड्यावरून सात चादरी सोडायच्या, म्हणजे आत उजेड नाही, माश्या नाहीत. आई मग दांड्याला धरून वाकते, चादरींत डोकं घालते आणि बाळाला न सोडवताच पाजते. बाहेरून बाईची फक्त पाठ दिसते.

त्याच संध्याकाळी बांधणं माझ्याकडे होतं. दोन्ही हात मी स्वतः बांधले, दोन्ही पट्ट्या दोनदा फिरवून खालच्या खुंट्यांना गाठी मारल्या. ओयदिन-ओपा चादरींत शिरली. मी पायाशी बसून मोजे रफू करत होते.

थोड्या वेळाने आतून तिचा हसण्याचा आवाज आला. "सोड! अरे सोड ना, दुखतंय. मुनिस, बघ ग याला, वेणी धरलीय माझी."

सुई माझ्या बोटात गेली.

"शिंगरू माझं! केवढा जोर आला रे तुला? सोड म्हटलं ना."

मी चादरींची कड उचलली नाही. दोन्ही गाठी मला बसल्या जागेवरून दिसत होत्या, दोन्ही जशाच्या तशा. ओयदिन-ओपा बाहेर आली तेव्हा तिची उजवी वेणी अर्धी सुटली होती आणि कानापाशी कातडी लाल झाली होती. ती खुशीत होती. ज्याच्या अंगात वेणी ओढायचा जोर आहे ते मूल कसं आजारी असेल?

"ओपा," मी म्हटलं, "हात बांधलेले आहेत त्याचे."

ती हसत राहिली. पण हसू चेहऱ्यावर एकटंच राहिलं. मग तिने चादर वर केली. तूर्तास पाळण्यात एकच बाळ होतं, वाळकं, टक्क जागं, हात अंगाला बांधलेलं. त्याच्या ओठावर दुधाचा थेंब नव्हता.

"वेणी सुटली असेल आपोआप," ती म्हणाली. वेणी पुन्हा घालताना ती पाळण्याकडे पाठ करून बसली.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी वाकून झालं आणि मी तिथेच उभी राहिले. दादांनी वर पाहिलं. चहा आला नाही म्हणून असेल.

"दादा, बोट गेलं," मी म्हटलं. "नाव कशाला राहिलं?"

ओयींच्या हातातलं गाळणं खाली पडलं. "बोलली! या अल्लाह, पाच महिन्यांनी तोंड उघडलं, आणि ते सासऱ्यापुढे!"

"बोलू दे," दादा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"आपण रोज शंभरदा हाक मारतो, ये ओर्तिक, पी ओर्तिक. ज्याला हाक मारतोय ते याच्या अंगावर नाही आता. मग दूध कुणाला मिळत असेल?"

हे तोंडातून निघेपर्यंत मलाही माहीत नव्हतं की मला असं वाटतंय. माझा नवरा इल्होम दारात चूळ भरत होता, त्याने ती गिळली.

मी वाट बघत होते की आता माहेरी पाठवतील. पण ओयदिन-ओपा आतून आली, वेणीवर हात ठेवून, आणि दादांच्या पायाशी बसली. "बदला, दादा. मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही."

दादांनी बराच वेळ दाढी खाजवली. नाव मुलाला जड झालं की बदलतात, हे त्यांनाही माहीत होतं. फक्त आपण दिलेलं नाव जड होईल हे त्यांना पटत नव्हतं. शेवटी ते उठले, हातपाय धुतले, बाळाच्या कानाशी गेले. तुर्गुन. म्हणजे राहिलेला, टिकलेला. तीनदा.

"आणि जुनं?" ओयींनी विचारलं.

"जुन्याचं काय? ते आता कुणाचं नाही. या घरात ते कुणी तोंडातून काढायचं नाही," दादा म्हणाले.

८

त्या आठ दिवसांत आम्ही सगळे जिभा चावत हिंडत होतो. कुणाच्या तोंडून "ओर्..." निघालं की ओयी पाठीत धपाटा घालायच्या. दोन धपाटे तर दादांनाच बसले, आणि त्यांनी ते मुकाट्याने घेतले.

तुर्गुनच्या गालावर रंग आला. तो पिऊन झोपायचा, झोपून उठायचा, पुन्हा प्यायचा. सरळ हिशोब. ओयदिन-ओपा मला म्हणाली, "तुझ्या तोंडात साखर पडो," आणि खरंच खडीसाखर कोंबली.

मी मात्र त्या खोलीत एकटी बसेनाशी झाले. बाळ झोपलेलं असायचं, ओठ मिटलेले, आणि तरी चोखण्याचा आवाज यायचा. चुप, चुप, चुप. खूप हलका. मी खिडकी लावली. बाहेर होले असतील. मी नळ पक्का केला, गळत असेल. मी माझा स्वतःचा श्वास धरून पाहिला. आवाज पाळण्यातून येत नव्हता. कधी गाद्यांच्या चळतीपाशी, कधी दारामागे, कधी अगदी माझ्या झग्याजवळ जमिनीलगत. रिकाम्या तोंडाचा आवाज होता तो. तोंडात काही नसताना बाळ जसं चोखत राहतं, तसा. रोज थोडा मोठा व्हायचा, थोडा चिडका.

मी कुणाला सांगितलं नाही. एकदा बोलून मी घरात मान मिळवला होता. दुसऱ्यांदा बोलून वेडी ठरले असते. शिवाय सांगायचं तरी काय? बाळ बरं होत होतं. ओयदिन-ओपा गाणं म्हणत कपडे वाळत घालत होती. एवढ्यासाठी मी आवाज सहन करू शकत होते.

९

गुरुवारी ख़ोसियत-ओपाने काटा दोनदा पाहिला. "चार किलो साडेचारशे. काय घातलंत याला?"

"काढलं," ओयी म्हणाल्या, पण हळू.

नर्सने भरतीचा कागद फाडला. शहराचं नाव निघालं नाही. ओयदिन-ओपाने आधी नर्सला मिठी मारली, मग ओयींना, मग मला, मग चुकून इल्होमलाही मारणार होती. ओयींनी कढईत तेल चढवलं, तळलेल्या पोळ्या गल्लीत वाटायला. अंगणात दुपारचं लख्ख ऊन होतं. शेजारच्या बायका यायला लागल्या. मी तुर्गुनला पाळण्यात घालून बांधलं. तो लगेच झोपला, पोट भरलेल्या माणसासारखा तोंड उघडं टाकून.

चोखण्याचा आवाज उंबऱ्यापाशी होता. मी तिकडे पाहत नव्हते.

अंगणातून ओयदिन-ओपा पोळ्यांचं ताट डोक्यावर घेऊन चालली होती, हसत, कुणाला तरी काहीतरी ओरडून सांगत. फाटकापाशी पोचून ती वळली आणि मोठ्याने म्हणाली, "मुनिस! झोपला का ग माझा ओर्तिक?"

कुणाच्या ध्यानातही आलं नाही. ओयी तेलाशी होत्या. बायका बोलत होत्या. तिच्या स्वतःच्याही लक्षात आलं नाही.

चोखणं थांबलं.

दाराचा पडदा खालच्या बाजूने वीतभर उचलला गेला आणि पडला. वारा नव्हता. मी खिडकीशी गेले. अंगणाच्या मधल्या फरश्यांवर सांडलेलं पीठ होतं, आणि त्या पिठातून काहीतरी सरकत गेल्याची रेघ, मुलं रांगतात तशी. रेघेच्या दोन्ही अंगांना पंजे. मी ते मोजले नाहीत.

ओयदिन-ओपा फाटकाशी थबकली. ताट तिने भिंतीवर ठेवलं, सावकाश, काळजीने. तिच्या झग्यावर छातीपाशी ओला डाग पसरत गेला. मग ती पायरीवर बसली, डावा हात दुमडला, उजवा त्याखाली घेतला आणि मान खाली घालून डुलायला लागली. शेजारच्या बायकांना वाटलं, दमली असेल बिचारी.

माझ्या मागे तुर्गुन जागा झाला. रडायला लागला, खणखणीत, भुकेने. अंगणात सगळ्यांनी माना वळवल्या. एक ओयदिन-ओपा सोडून.

"ओपा!" मी खिडकीतून हाक मारली. "बाळ रडतंय!"

तिने ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं.

"कुठे रडतंय?" ती दुमडलेल्या हातात बघत म्हणाली. "आत्ता कुठे पितंय नीट."